शेजारच्या ताऱ्यांची गणना

रात्री आकाशाकडे पाहताना जो तारा सर्वांत तेजस्वी तोच आपल्याला सर्वांत जवळचा, अशी समजूत सहज होते. ती खरी नाही. हिवाळ्यात मृग नक्षत्रात चमकणारा राजन्य हा तारा आपल्यापासून साडेआठशे प्रकाशवर्षांच्या आसपास दूर आहे. उलट, सूर्य वगळता आपल्याला सर्वांत जवळ असलेला तारा म्हणजे प्रॉक्सिमा. तो अवघ्या सव्वाचार प्रकाशवर्षांवर असूनही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जे डोळ्यांत भरते ते दूरचे आणि जे शेजारी आहे ते अदृश्य, असा हा प्रकार आहे. आपल्या शेजारी नेमके कोण राहते हे कळण्यासाठी मोजणी करावी लागते. नुसते पाहणे पुरत नाही. ही मोजणी खगोलशास्त्रज्ञ गेली जवळजवळ दोनशे वर्षे करीत आहेत आणि ती अजून संपलेली नाही.

शाळेच्या स्मरणिकेत हा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या मोजणीची रीत आणि तिचे फलित या दोन्ही गोष्टी आपल्या शाळेच्या कामाच्या आहेत. ताऱ्यांकडे कसे पाहावे हा आपल्या समाजात आजही केवळ विज्ञानाच्या पुस्तकातला प्रश्न राहिलेला नाही. लग्न जुळवताना, घर बांधताना, मुलाचे नाव ठेवताना तो आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. म्हणून आधी ही मोजणी कशी झाली ते सांगतो, आणि नंतर तिच्या आधारे शाळेपुढे दोन सूचना ठेवतो.

ताऱ्याचे अंतर मोजण्याचे मूळ तत्त्व पाचवीच्या मुलालाही समजेल असे आहे. हात लांब करून अंगठा धरावा आणि एकदा डावा, एकदा उजवा डोळा मिटावा. मागच्या भिंतीवर अंगठा जागा बदलल्यासारखा दिसतो. अंगठा जितका जवळ तितके त्याचे सरकणे अधिक. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आज आपण जेथे आहोत त्यापासून सहा महिन्यांनी सुमारे तीस कोटी किलोमीटर दूर असतो. हेच आपले डावा आणि उजवा डोळा. सहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन निरीक्षणांत जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात.

तत्त्व सोपे असले तरी मोजमाप अतिशय अवघड. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला. अडीच सेंटीमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढी एक विकला. सर्वांत जवळच्या प्रॉक्सिमाचा पराशयसुद्धा एक विकलेपेक्षा कमी आहे. पृथ्वी फिरते असे कोपर्निकसने १५४३ साली मांडले, तेव्हापासून ताऱ्यांचे हे सरकणे शोधण्याचा प्रयत्न चालू होता. ते सापडत नव्हते, म्हणून पृथ्वी फिरतच नाही असा युक्तिवाद विरोधक करीत असत. उत्तर मिळण्यास जवळजवळ तीनशे वर्षे लागली. जर्मन खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिख बेसेल याने १८३८ साली हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचे अंतर जाहीर केले. आजच्या मोजणीप्रमाणे तो तारा ११.४ प्रकाशवर्षांवर आहे. बेसेलचे उत्तर सुमारे १०.४ होते. त्या काळच्या साधनांनी एवढी जवळीक साधली, ही साधी गोष्ट नव्हे.

बेसेलने हा तारा निवडला यातही शिकण्यासारखे आहे. तो मुळीच ठळक नाही. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो. पण वर्षानुवर्षांच्या नोंदी पाहता तो इतर ताऱ्यांपेक्षा भराभर जागा बदलत होता. रस्त्याच्या कडेची झाडे आगगाडीतून वेगाने मागे जाताना दिसतात आणि दूरचे डोंगर स्थिर वाटतात, तसेच हे. बेसेलने तेजाला महत्त्व दिले नाही, नोंदींना दिले.

सूर्याच्या सर्वांत जवळचा समूह म्हणजे नरतुरंगातला मित्र तारा. त्याचे अंतर स्कॉटलंडच्या थॉमस हेंडरसनने दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होप येथे १८३२-३३ मध्ये केलेल्या निरीक्षणांवरून काढले. पण त्याने ते जाहीर केले १८३९ साली, बेसेलच्या नंतर. या ताऱ्याचा आपल्या देशाशीही संबंध आहे. मित्र तारा एकटा नसून जोडतारा आहे हे डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरी येथे झाँ रिशो या फ्रेंच धर्मगुरूने धूमकेतूचे निरीक्षण करीत असताना प्रथम पाहिले. तो जोडतारा आपला शेजारी आहे, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

वैशाखी पौर्णिमेला रात्री अकरा-बाराच्या सुमारास मोकळ्या जागेतून दक्षिणेकडे पाहिले तर क्षितिजापासून जेमतेम मूठभर उंचीवर दोन ठळक तारे शेजारी शेजारी दिसतात. डावीकडचा तो मित्र. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यातही तो लपत नाही. त्याचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो चार वर्षे चार महिन्यांपूर्वी तेथून निघालेला असतो. मूल पाचवीत आपल्या वसतिगृहात दाखल झाले त्या दिवशी निघालेला प्रकाश ते नववीत असताना येथे पोहोचतो. प्रकाश एका वर्षात सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर जातो, हे वाक्य पाठ करून जे समजत नाही ते अशा हिशेबाने समजते.

या मित्राच्या जवळच एक अगदी मंद तारा लपलेला होता. जोहान्सबर्गच्या वेधशाळेत रॉबर्ट इन्स याने काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या छायाचित्रांच्या काचा एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि १९१५ साली तो शोधून काढला. तोच प्रॉक्सिमा. पुढल्याच वर्षी, १९१६ साली, अमेरिकेत एडवर्ड बर्नार्ड याला भुजंगधारी तारकासमूहात एक मंद तारा असाच, जुन्या-नव्या छायाचित्रांच्या तुलनेतून, सापडला. तो वर्षाला १०.३ विकला इतक्या वेगाने सरकतो. आकाशात याहून वेगाने सरकणारा दुसरा तारा ज्ञात नाही. बर्नार्डचा तारा आपल्यापासून सहा प्रकाशवर्षांवर आहे.

बर्नार्डविषयी आपल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी अवश्य सांगाव्यात. त्याचा जन्म १८५७ साली नॅशव्हिल येथे अत्यंत गरीब घरात झाला. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. आईने त्याला वाढवले. शाळा त्याच्या वाट्याला जेमतेम दोन महिने आली. नवव्या वर्षी तो एका छायाचित्रकाराच्या दुकानात कामाला लागला. याच दुकानात तो काचा, भिंगे आणि प्रकाश यांचे काम शिकला. पुढे त्याने अनेक धूमकेतू शोधले, १८९२ साली गुरूचा पाचवा उपग्रह शोधला, आणि छायाचित्रणाच्या साहाय्याने आकाशाचा अभ्यास करणाऱ्यांत तो अग्रणी ठरला. गरिबीमुळे हातात पडलेले काम आणि आयुष्याचे ध्येय ही दोन्ही एकाच भिंगातून गेली, असे त्याच्या बाबतीत म्हणता येईल.

यानंतर एकेका ताऱ्याच्या शोधाचे काम संपून संपूर्ण शेजाराची शिरगणती सुरू झाली. हायडेलबर्गच्या विल्हेल्म ग्लीझे याने १९५७ साली सूर्यापासून २० पार्सेकपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ६५ प्रकाशवर्षांच्या आतल्या ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली. १९९४ साली अमेरिकेत टॉड हेन्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या ताऱ्यांच्या शोधासाठी ‘रेकॉन्स’ हा गट स्थापन केला. या गटाचे पुष्कळसे काम चिलीतल्या सेरो टोलोलो येथील ०.९ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर झाले. आजच्या मानाने ही लहान दुर्बीण. पण तेच तेच मंद तारे वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा टिपायचे, हा त्यांचा नेम. युरोपने १९८९ साली सोडलेल्या हिप्पार्कस उपग्रहाने एक लाख अठरा हजार ताऱ्यांची अंतरे मोजली; डिसेंबर २०१३ मध्ये निघालेल्या गाया यानाने जवळजवळ दीडशे कोटी ताऱ्यांची. गायाचे निरीक्षण जानेवारी २०२५ मध्ये थांबले, पण त्याच्या नोंदींचा अभ्यास अजून पुष्कळ वर्षे चालेल.

एवढे होऊनही शेजारी कोणी नजरेतून सुटले असेल काय? सुटले होते. अवरक्त किरणांत आकाश टिपणाऱ्या वाइज या यानाच्या नोंदींतून केविन लुहमन यांनी २०१३ साली साडेसहा प्रकाशवर्षांवरची एक जोडी शोधली. मित्र समूह आणि बर्नार्डचा तारा यांच्यानंतर आपल्याला तीच सर्वांत जवळची. तारा म्हणून पेटण्याइतके वस्तुमान नसलेल्या अशा पिंडांना तपकिरी बटू म्हणतात. ही जोडी आधीच्या कित्येक छायाचित्रांत उमटलेली होती. पण आकाशगंगेच्या पट्ट्यातील ताऱ्यांच्या गर्दीत तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. पुढच्याच वर्षी लुहमन यांनीच सुमारे साडेसात प्रकाशवर्षांवरचा आणखी एक पिंड शोधला. त्याचे तापमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्या आसपास आहे. म्हणजे आपल्या अगदी शेजारी, अंधारात, थंडगार असा एकजण कायम होता आणि त्याची नोंद होण्यास २०१४ साल उजाडावे लागले.

२०२१ साली फ्रान्सच्या सेलिन रेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० पार्सेकच्या, म्हणजे ३२.६ प्रकाशवर्षांच्या आतली यादी प्रसिद्ध केली. तारे, तपकिरी बटू आणि तोवर माहीत झालेले ग्रह मिळून तीत ५४० नावे आहेत आणि ती ३३९ समूहांत विभागलेली आहेत. या शेजारातल्या ताऱ्यांत बहुसंख्य आहेत ते लाल बटू. सूर्यापेक्षा लहान, थंड आणि मंद असे हे तारे. दर चार ताऱ्यांपैकी सुमारे तीन तारे लाल बटू असतात असा खगोलशास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि त्यांच्यापैकी एकही नुसत्या डोळ्यांना सहज दिसत नाही.

येथे आम्हांस या साऱ्या विषयाचे मर्म दिसते. आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांची यादी करावी आणि सर्वांत जवळच्या ताऱ्यांची यादी करावी. दोन्हींत असणारी नावे थोडीच: मित्र, व्याध, प्रश्वा आणि अशी आणखी काही. पहिल्या यादीवरून विश्वाचे चित्र काढले तर तारे म्हणजे प्रचंड, धगधगते, दूरवर प्रकाश फेकणारे गोळे असेच वाटेल. ते चित्र खोटे ठरेल, कारण तेजस्वी तारा दुरूनही दिसतो आणि मंद तारा शेजारी असूनही यादीत येत नाही. खरे चित्र हवे असेल तर सीमा आखावी लागते: या अंतराच्या आत जे जे आहे ते सर्व मोजायचे, मग ते कितीही मंद असो. ‘ठळक दिसले ते घेतले’ या पद्धतीने यादी होते. ‘आत आहे त्यातले काहीही सोडायचे नाही’ या पद्धतीने गणना होते. यादी आणि गणना यांत हाच फरक आहे.

या गणनेत चुकाही झाल्या, आणि त्या ज्या रीतीने दुरुस्त झाल्या ती रीत तर आपल्या धम्माच्या विद्यार्थ्याला फार जवळची वाटेल. अमेरिकेतल्या स्प्रॉल वेधशाळेचे पीटर व्हॅन डी काम्प यांनी १९३८ पासून बर्नार्डच्या ताऱ्याची छायाचित्रे जमवली आणि १९६३ साली, त्या ताऱ्याच्या हलक्या डुलण्यावरून, त्याच्याभोवती ग्रह असल्याचे जाहीर केले. पंचवीस वर्षांची मेहनत आणि मोठे नाव. दहा वर्षे ते पुष्कळांनी मानलेही. १९७३ साली दुसऱ्या दुर्बिणींच्या छायाचित्रांवरून गेटवुड आणि आइकहॉर्न यांनी तपासले, तेव्हा ते डुलणे आढळले नाही. त्याच सुमारास स्प्रॉल वेधशाळेतल्याच जॉन हर्शी यांनी दाखवले की तेथील दुर्बिणीत इतर तारेही तसेच डुलताना दिसतात. दुर्बिणीच्या भिंगाच्या जुळवणीत मध्यंतरी केलेल्या बदलांचा तो परिणाम होता. २०१८ साली त्याच ताऱ्याभोवती ग्रह असल्याचा आणखी एक दावा आला. तोही २०२१ मध्ये टिकला नाही. मग २०२४ साली चिलीतल्या मोठ्या दुर्बिणीने एक छोटा ग्रह दाखवला, आणि २०२५ मध्ये हवाईतल्या दुर्बिणीच्या स्वतंत्र निरीक्षणांनी त्यासह चार ग्रहांना पुष्टी दिली. जुना दावा खोडला गेला म्हणून कोणी शोध सोडला नाही, आणि थोर माणसाने सांगितले म्हणून कोणी तपासणे सोडले नाही.

परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा पूज्य आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, हा तथागतांचा केसपुत्तच्या कालामांना केलेला उपदेश आपण दरवर्षी विद्यार्थ्यांना सांगतो. हा उपदेश भिंतीवर लिहिणे सोपे आहे. तो प्रत्यक्ष आचरणात कसा दिसतो, याचे बर्नार्डच्या ताऱ्याच्या कथेइतके स्वच्छ उदाहरण आम्हांस दुसरे आठवत नाही.

ताऱ्यांविषयी बौद्ध परंपरेची भूमिका काय, याबद्दलही थोडे सांगणे अगत्याचे आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजाल सुत्तात चंद्र, सूर्य आणि नक्षत्रे यांवरून भविष्य सांगून पोट भरणे हे भिक्खूला न शोभणाऱ्या गोष्टींत गणले आहे. हे पुष्कळांना माहीत असते. विनयपिटकाच्या चुल्लवग्गातला एक प्रसंग मात्र तितका परिचित नाही. अरण्यात राहणाऱ्या भिक्खूंकडे चोर आले. त्यांनी पाणी आहे काय, अग्नी आहे काय, असे विचारले. आज कोणते नक्षत्र आहे आणि ही दिशा कोणती, असेही विचारले. भिक्खूंना एकाचेही उत्तर देता येईना. तेव्हा हे भिक्खू नसून चोरच असावेत असे म्हणून त्यांनी भिक्खूंना मारहाण केली. ही हकीकत ऐकून तथागतांनी अरण्यवासी भिक्खूंसाठी नियम घालून दिले. त्यांत नक्षत्रांची स्थाने सर्व किंवा काही शिकून घ्यावीत आणि दिशांचे ज्ञान असावे, हाही एक नियम आहे. म्हणजे नक्षत्रांच्या नावाने माणसाचे भविष्य विकणे वर्ज्य, पण दिशा आणि काळ कळावा म्हणून नक्षत्रे ओळखणे कर्तव्य. तारे सोडून देण्यास धम्माने कधीच सांगितले नाही. त्यांच्याविषयीच्या अज्ञानाचा बाजार तेवढा त्याने नाकारला.

आपण यांतला पहिला भाग घेतला, दुसरा विसरलो. पत्रिका नाकारली असे आपण सभेत सांगतो, पण आकाश ओळखणारी मुले तयार केली नाहीत. मग रिकामी जागा रिकामी राहत नाही. आजही आपल्यातल्या काही घरांत विवाह ठरताना गुणमेलन विचारले जाते, आणि शिकलेल्या मुलीला मंगळ आहे म्हणून नकार मिळतो. ज्या मंगळावर माणसाने गाड्या उतरवल्या, त्याच मंगळाच्या नावाने आपल्या मुलींचा अपमान व्हावा, याहून खेदाची गोष्ट कोणती?

जो कोणी म्हणेल की शास्त्राने हे कोठे तपासले आहे, त्याच्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातली एक चाचणी आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी ती घेतली. दोनशे मुलांच्या जन्मवेळांवरून पत्रिका तयार केल्या: शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका देऊन, कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांच्या बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी पन्नास टक्क्यांच्या आसपास आले असते. २००९ साली हा अभ्यास ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चार वर्षांनी दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. आता नारळीकरही आपल्यात नाहीत. त्यांनी आपल्यासाठी मागे ठेवली आहे ती तपासण्याची रीत. ती पुढे नेणे आपल्या हाती आहे.

यावर एक रास्त आक्षेप येईल. आमच्या मुलांना आधी नोकरी हवी, स्पर्धा परीक्षा हव्यात, वैद्यकीय प्रवेश हवा; तारे मोजून पोट भरत नाही. आई-वडील शेतमजुरी करून, बांधकामावर राबून मुलाला येथे ठेवतात. त्यांच्या या चिंतेपुढे आम्ही नम्र आहोत. पण आमचे म्हणणे एवढेच की, निरीक्षण करून टिपून ठेवणे, टिपलेले दुसऱ्याकडून तपासून घेणे आणि चूक निघाली तर ती खोडून पुढे जाणे, ही सवय ज्याला लागली तो कोणत्याही परीक्षेत आणि कोणत्याही व्यवसायात मागे पडणार नाही. शिवाय यासाठी वर्गाचा एकही तास द्यावा लागत नाही. दिवसाच्या शाळांजवळ नसलेली एक संपत्ती निवासी शाळेजवळ आहे: रात्र. गावापासून जरा दूर, तुलनेने अंधारी, आणि शेकडो मुले एकाच आवारात. ती रात्र आजवर आपण केवळ झोपेसाठी आणि गृहपाठासाठी वापरली.

म्हणून आमची पहिली सूचना. शाळेने एक आकाश-नोंदवही सुरू करावी आणि ती कधीही बंद पडू देऊ नये. दुर्बीण नसतानाही आरंभ करता येतो: काठीच्या सावलीवरून मध्यान्ह काढणे, मुठीने कोन मोजणे, महिन्यातून एकदा ठरावीक वेळी कोणते नक्षत्र कोठे आहे ते काढणे. पुढे माजी विद्यार्थ्यांनी मिळून तीन-चार इंची दुर्बीण घेऊन द्यावी. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना शिकवीत आली आहे, आणि आयुकाचे मुलांसाठीचे विज्ञानकेंद्रही तेथेच आहे. मार्गदर्शनाची उणीव भासू नये.

या नोंदवहीतले मुख्य काम बर्नार्डच्या ताऱ्याचे असावे. पावसाळा सरल्यावर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आसपास, चंद्र आड येणार नाही अशी संध्याकाळ निवडावी. अंधार पडताच भुजंगधारी पश्चिमेकडे कललेला असतो. नकाशाच्या मदतीने तो मंद तारा शोधावा आणि त्याची जागा आजूबाजूच्या ताऱ्यांच्या संदर्भात कागदावर काढावी. एका वर्षात फरक दिसणार नाही. दोन वर्षांतही मन साशंक राहील. दहा वर्षांनी मात्र पहिल्या तुकडीचे चित्र आणि दहाव्या तुकडीचे चित्र शेजारी ठेवले की, तारा सरकला आहे हे आपल्याच मुलांच्या हातच्या रेषांतून सिद्ध होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी हा तारा जेथे होता, तेथून तो आजवर चंद्रबिंबाच्या रुंदीच्या एक तृतीयांशाहून अधिक पुढे सरकला आहे. स्थिर म्हणून ज्यांची आपण उपमा देतो ते तारेही स्थिर नाहीत. अनित्यतेचा धडा पुस्तकाबाहेर याहून चांगला कोठे मिळेल?

हे काम एका हुशार विद्यार्थ्याला एकट्याने जमणारे नाही, हे त्यातले आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. पाचवीतल्या मुलाने सुरू केलेले काम त्याने शाळा सोडल्यावर आलेल्या मुलाने पुरे करायचे. आधीच्याने प्रामाणिकपणे टिपले असेल, तरच नंतरच्याला काही कळेल. बौद्ध संघाने शतकानुशतके मुखोद्गत ठेवून धम्म पुढच्या पिढीच्या हाती दिला तो याच विश्वासावर.

दुसरी सूचना आकाशाविषयी नाही. अशा स्मरणिकेत आपण गुणवंतांची यादी छापतो: डॉक्टर, अभियंते, अधिकारी, प्राध्यापक. त्यांचा अभिमान आम्हांसही आहे. पण ही यादी तेजस्वी ताऱ्यांची आहे. तिच्यावरून शाळेचे चित्र काढले तर ते खोटे निघेल. याच आवारात जेवलेली, याच प्रार्थनेला उभी राहिलेली आणि नववीत शाळा सोडून वीटभट्टीवर गेलेली मुले कोठे आहेत? लग्न लवकर झाल्यामुळे दहावीला न बसलेल्या मुली कोठे आहेत? जे गावातच राहून पाच-सहा जणांचे कुटुंब चालवतात, वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी अक्षरे शिकवतात, रात्रपाळी करून भावंडांना शिकवतात, त्यांची नोंद कोणाजवळ आहे? आपल्या शेजारात बहुसंख्य तेच असतील, आणि आपल्या यादीत त्यांचे नाव नाही.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह सुरू केले, ते कोणालाही न दिसणाऱ्या मुलांसाठी. आपली शाळा त्याच वाटेवरची आहे. तेव्हा हजेरीपटावर ज्यांचे नाव एकदा आले त्या प्रत्येकाचा शोध घेणारी गणना शाळेने आणि माजी विद्यार्थी संघाने हाती घ्यावी. गुण, पद, पगार यांची अट नसावी. सीमा एकच असावी: तो किंवा ती येथे होती. ज्यांनी शाळा अर्ध्यावर सोडली त्यांनी का सोडली हेही त्यात लिहिले जावे. कारण पुढच्या मुलाला वाचवण्याचा उपाय त्या उत्तरांतच आहे. हे काम वेळ घेईल, काही पत्ते सापडणार नाहीत, काही दारांवर आपल्याला कडू शब्द ऐकावे लागतील. पण पाव शतक जुन्या छायाचित्रात उमटलेला मंद ठिपका शोधण्यासाठी माणसे आयुष्य वेचतात, तर आपल्याच हजेरीपटावरचे नाव शोधणे आपल्याला अवघड वाटू नये.

पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात दोन पाने असावीत, एवढीच आमची विनंती. एका पानावर बर्नार्डच्या ताऱ्याची आपल्या मुलांनी वेगवेगळ्या वर्षी काढलेली चित्रे. दुसऱ्या पानावर त्या वर्षी नव्याने सापडलेल्या विद्यार्थ्यांची नावे.